सतरा अंडी, बारा गुलाब आणि एक कादंबरी

जेवण, प्रेम आणि घरातली माणसं असा ऐवज असलेल्या कादंबरीवर परीक्षण लिहायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत 'तोंडाला पाणी सुटतं' हे वाक्य येतं आणि परीक्षण तिथेच संपतं. ते होऊ नये म्हणून जानेवारी २०२५ मध्ये एकच कादंबरी वर्षभर पुरवायची असं ठरवलं. लाउरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेची 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'. मूळ स्पॅनिश १९८९ चं, इंग्रजी भाषांतर १९९२ चं. तिचं मूळ उपशीर्षकच 'मासिक हप्त्यांची कादंबरी, पाककृती, प्रेमप्रकरणं आणि घरगुती उपायांसह' अशा अर्थाचं आहे. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक कृती. तेव्हा महिन्याला एक प्रकरण, एक पदार्थ आणि एक परीक्षण, आणि ते चार वाचणाऱ्यांना पाठवायचं. कागदावर हे फार सुटसुटीत दिसत होतं.

आधी नावांचं बघून घ्या, नाहीतर बारा महिने चुकीची नावं लिहाल. इंग्रजी स्पेलिंग बघून सगळे 'टिटा' आणि 'गर्ट्रुडिस' लिहितात. स्पॅनिशमध्ये नायिका ती तीता, तिच्या बहिणी हेर्त्रूदिस आणि रोसाउरा, प्रियकर पेद्रो. मिरच्या-मसाल्यांचा तो रस्सा 'मोल' नव्हे, मोले. गोष्टीतलं गाव पिएद्रास नेग्रास, अमेरिकेच्या सीमेला लागून. नाचोज नावाचा पदार्थ १९४०च्या दशकात याच गावात जन्मला. कादंबरीशी त्याचा काही संबंध नाही, पण घरातल्या स्वयंपाकिणीचं नाव नाचा आहे हे वाचून हसू येतंच.

जानेवारीचा पदार्थ म्हणजे नाताळचे भरले पाव. डब्यातली सार्डिन, चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, कांदा, ओरेगानो, सेरानो मिरच्या आणि दहा कडक पाव. सार्डिन म्हणजे आपली तारली, पण बाजारातून ताजी तारली आणून हे सारण होत नाही. डब्यातली काट्यासकट कुस्करली जाते, ताजीचे काटे काढता काढता दुपार जाते. चोरिसोऐवजी गोव्याची चोरीस वापरली. आंबटपणा जास्त, म्हणून सारणात वेगळं आंबट काही घालायचं नाही. पाव मात्र लादीचा नको, ओला होऊन बसतो. गोव्याचे उंडे मिळाले तर तेच घ्या, निदान कडक ब्रून तरी.

पाव बरे झाले, परीक्षण पडलं. ११४० शब्द झाले आणि त्यातले आठशे नुसतं कथानक. या जातीच्या कादंबऱ्यांत हे हमखास होतं, कारण घटना इतक्या असतात की त्या सांगण्यातच दमायला होतं. तो मजकूर फेकून दिला आणि वहीत चार रकाने आखले. पदार्थ कोणता. रांधला कोणी. जेवलं कोण, आणि कोणाला वाढलं नाही किंवा कोण जेवलं नाही. जेवणानंतर घरात काय बदललं.

सगळी मदार चौथ्या रकान्यावर. जेवणाखाणाच्या बहुतेक प्रेमकथांत तो कोराच राहतो. नायिकेची बेकरी असते, नायक येऊन दालचिनीचा रोल खातो, डोळे मिटतो. रोलच्या जागी बटाटेवडा ठेवला तरी गोष्टीला काही होत नाही. तिथे अन्न म्हणजे नुसता पडदा. या कादंबरीत पदार्थ उचलून बाजूला ठेवला की गोष्ट खाली कोसळते. परीक्षणात सांगायचं असतं ते हेच, आणि ते सांगायला सहाशे शब्द पुरतात.

फेब्रुवारीत लग्नाचा केक. घराण्याचा नियम असा की धाकट्या लेकीने लग्न करायचं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळायचं. तीता शेंडेफळ. तिला मागणी घालायला आलेला पेद्रो तिच्या जवळ राहता यावं म्हणून तिच्या मोठ्या बहिणीशी, रोसाउराशी लग्न करतो, आणि त्या लग्नाचा केक करायचं काम तीताकडे येतं. इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त कामाला येते. इंग्रजीत पेद्रो 'ब्रदर-इन-लॉ' होतो. मराठीत ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्याला आता 'भावोजी' म्हणायचं, त्याच घरात, रोज, जेवायला वाढताना. परीक्षणात तो एक शब्द लिहिला आणि आधीचा अख्खा परिच्छेद काढून टाकता आला. एक खबरदारी मात्र घ्या. कादंबरीत हा त्या घराण्याचा नियम आहे. 'मेक्सिकोत अशी प्रथा होती' असं ठोकून देऊ नका. घाईत लिहिलेल्या परीक्षणांत ही चूक सर्रास असते.

केकचं माप: १७५ ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम तीनदा चाळलेला मैदा, १७ अंडी आणि एका लिंबाची किसलेली साल. हे अठरा माणसांचं. लग्नाला एकशे ऐंशी माणूस, म्हणून अंडी १७०. घरी तिसरा हिस्सा करायला गेलं तर १७ला तिनाने भाग जात नाही, म्हणून अंडी वजनावर घ्यावी लागतात. कवचाशिवाय एक अंडं साधारण ५० ग्रॅम धरलं तर १७ची ८५० ग्रॅम होतात, तिसरा हिस्सा २८३. सहा अंडी फोडून काट्यावर ठेवायची आणि वरचं काढून घ्यायचं. साखर ५८ ग्रॅम, मैदा १००. बेकिंग पावडर नाही. केक फुगतो तो फक्त अंड्यांत कोंडलेल्या हवेवर. अंडी थोडीथोडी करून फेसात घालायची असतात आणि पहिल्या खेपेला नेमकं तिथेच बिघडलं. फ्रीजमधली गार अंडी घातली, फेस बसला, आणि भट्टीतून दोन सेंटिमीटरची चिवट भाकरी निघाली. अंडी तासभर आधी बाहेर काढा. भांडं कोमट पाण्यावर धरून यंत्राने आठ-दहा मिनिटं फेटा. फेस वर उचलल्यावर फितीसारखा पडायला हवा आणि ती फीत दोन-तीन सेकंद वर दिसायला हवी. मैदा हलक्या हाताने, तीन वेळा. १८० अंशांवर २५ मिनिटं. दुसरा केक जमला. दोन्ही खेपांचा खर्च धरून २४० रुपये, पैकी निम्मे लोणी आणि साखरेचे, कारण वरून काहीतरी लावायचा मोह झाला.

तीताचा अश्रू त्या केकमध्ये पडतो आणि पाहुणे पहिल्या घासाला रडू लागतात. सुटते फक्त तीता, म्हणजे तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखी गोष्ट. इथे परीक्षण लिहिणारा 'जादूई वास्तववाद' हा शब्द टाकून मोकळा होतो. मराठी वाचकाला त्या शब्दाची गरज नाही. हाताला चव असते हे आपण रोज म्हणतो. रागात मळलेली कणीक वातड होते असं मानणारी घरंही आहेत. लेखिकेने तीच समजूत थांबवायच्या जागी थांबवलेली नाही, एवढंच.

मार्चच्या पदार्थाने सगळ्यात जास्त छळलं आणि शिकवलंही सगळ्यात जास्त. गुलाबपाकळ्यांच्या रश्शातले लाव्हे. साहित्य: १२ गुलाब, शक्यतो लाल, १२ चेस्टनट, लोणी, कॉर्नफ्लोअर, गुलाबाच्या अत्तराचे २ थेंब, २ मोठे चमचे बडीशेप, २ मोठे चमचे मध, २ लसणीच्या पाकळ्या, ६ लाव्हे आणि १ पिताया. पिताया म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्या घराण्यातलं फळ, ते आता कुठल्याही मंडईत दिसतं. लाव्ह्यांऐवजी अर्धा किलो कोंबडी, तंगड्या हाडासकट.

गुलाब फुलवाल्याकडचे घ्यायचे नाहीत. ते हारांसाठी आणि गुच्छांसाठी फवारलेले असतात, धुतले तरी खाण्यालायक होत नाहीत. गुलकंदासाठी वापरतात तो गावठी, वासाचा गुलाब लागतो, ओळखीच्या बागेतला. सहा फुलं पुरली. पाकळीच्या बुडाशी पांढरी टाच असते, ती कात्रीने काढा, कडवट असते. बाजारातलं अत्तर पोटात घालायला नसतं. त्यात चंदनाचं तेल किंवा दुसरं काहीतरी वाहक म्हणून असू शकतं. बाटलीवर खाद्य असं छापलेलं नसेल तर चमचाभर गुलाबजल घाला. बडीशेपेचाही घोटाळा आहे. कृतीत आहे ती विलायती बडीशेप, बारीक दाण्याची. आपली जाडी बडीशेप तितकीच घातली की रस्सा मुखवासासारखा लागतो, एक लहान चमचा बस्स.

चेस्टनट मिळाले नाहीत म्हणून शिंगाडे घातले. रस्सा दाट होण्यापुरतं ते चाललं, पण परीक्षणातही 'शिंगाडे' लिहून गेलं आणि ते चूक. शिंगाडा तळ्यातला, चेस्टनट झाडावरचा. पदार्थ करताना बदल करा, पण मजकुरात मूळ वस्तू लिहून पुढे 'मी अमुक वापरलं' असं सांगा.

या प्रकरणात टेबलाशी तीताखेरीज चौघं बसलेली आहेत. पेद्रोने दिलेल्या गुलाबांतून तीताने केलेला रस्सा पेद्रो डोळे मिटून खातो. रोसाउरा दोन-तीन घासांत उठते. हेर्त्रूदिसच्या अंगाची अशी आग होते की तिच्या अंगाला सुटलेल्या गुलाबाच्या वासामागे लढाईतला एक सैनिक घोडा दौडवत येतो. आणि आई म्हणते, मीठ जास्त झालंय. परीक्षणात पहिल्या तीन गोष्टींवर तीनशे शब्द खर्चले होते. वाचणाऱ्यांपैकी दोघींचा निरोप आला तो फक्त त्या मिठाबद्दल. त्यानंतर प्रत्येक परीक्षण घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या जेवणापासून सुरू केलं.

कथानक किती सांगायचं याची रेघही इथेच आखली. मार्च संपेपर्यंतचं, म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या चौथाईतलं, उघड सांगायचं. पुढचं फक्त पदार्थाच्या आडून.

एप्रिलमध्ये मोले. सुक्या मिरच्या, बदाम, तीळ, मसाले आणि चॉकलेट, मूळात टर्कीबरोबर. आन्चो, पासिया, मुलातो या मिरच्या तिखटापेक्षा चवीला जास्त, म्हणून ब्याडगी जवळची. संकेश्वरी किंवा लवंगी घातली तर चॉकलेट घालूनही सावरत नाही. मिरच्या कोरड्या भाजताना रंग काळपट व्हायच्या आत उतरवा, नाहीतर अख्खं वाटण कडू. भाजण्यापासून वाटणापर्यंत तीन तास.

याच महिन्यात कायद्याचं प्रकरण निघालं. एका वाचकाने सुचवलं की कृती मराठीत भाषांतर करून दे. समीक्षेसाठी पुस्तकातला थोडा भाग उद्धृत करायला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ ची मुभा आहे. पण भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा, आणि भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. लेखिका हयात आहे. परवानगीसाठी ४ एप्रिलला प्रकाशकाच्या हक्कविभागाला मेल केली. यंत्राने पाठवलेली पोच लगेच आली. २ मेला आठवण केली, परत पोच. वर्ष संपलं तरी माणसाचं उत्तर नाही. तेव्हा साहित्य आणि माप ही माहिती म्हणून दिली, कृती स्वतः करून स्वतःच्या शब्दांत, आपल्या वाटी-चमच्यात लिहिली. 'रुचिरा'ने मराठी घरांना वाटीची इतकी सवय लावली आहे की ग्रॅम वाचून लोक पुढे सरकतात. उद्धृत केलेला मजकूर एका परीक्षणात तीन वाक्यांपलीकडे जाऊ दिला नाही.

मेमध्ये तो प्रश्न आलाच. 'पीडीएफ आहे का?' चारपैकी तिघांनी विचारला. नाही म्हटलं तर दुसरं काहीतरी द्यायला हवं. म्हणून ३९९ रुपयांची दुसरी प्रत घेतली आणि ती ठाणे, चिपळूण, मडगाव, नागपूर अशी फिरवायचं ठरलं. प्रत्येकाला तीस दिवस.

१ मे २०२५ पासून टपालखात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत वाढत जाऊन १०० रुपये, वर कर. पाकीट जमिनीवरच्या वाहतुकीने जातं आणि माग काढता येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिलं पाकीट नेलं आणि ते खिडकीवरून परत आलं. चूक आपलीच होती. आत वाचकांसाठी हाताने लिहिलेली दोन पानी सूचनांची चिठ्ठी होती. ज्ञान पोस्टच्या पाकिटात पुस्तकच हवं, खासगी पत्र नको. दुसरं म्हणजे, पाकीट चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केलं होतं, तपासायला उघडता येत नव्हतं. चिठ्ठी मोबाइलवर पाठवली, पाकीट दोऱ्याने बांधलं, वर मोठ्या अक्षरांत 'ज्ञान पोस्ट' लिहिलं. घरी स्वयंपाकाच्या काट्यावर आधी वजन केलं होतं ते बरं: पुस्तक, प्लॅस्टिकची पिशवी, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि खाकी कागद मिळून २८६ ग्रॅम. जाड पुठ्ठा घेतला असता तर पुढच्या टप्प्यात गेलं असतं. आमच्या पाकिटांना गावागणिक चार ते नऊ दिवस लागले. पाकीट हातात पडल्यावर पहिल्या पानाचा फोटो पाठवायचा एवढाच नियम ठेवला. चिपळूणला पाकीट पावसात पोचलं आणि पिशवी असल्यामुळे वाचलं.

जूनचा पदार्थ म्हणजे काडेपेटीच्या काड्या. फॉस्फरसची कृती. ती करायची नाही, हे परीक्षणाच्या पहिल्या ओळीत लिहावं लागलं, कारण तोपर्यंत वाचणाऱ्यांना प्रत्येक कृती करून बघायची सवय लागली होती.

जुलैत गाईबैलाच्या शेपटीचं सूप. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून बोकडाचे पाय आणले. आजाऱ्याला उठवणारा रस्सा म्हणून पाया आपल्याकडे चालत आलेला आहे आणि कादंबरीतही सुपाचं काम तेच आहे, त्यामुळे बदल खटकला नाही. कुकरला पंचेचाळीस मिनिटं, मंद आचेवर.

याच सुमारास फिरत्या प्रतीवर पहिला डाग पडला. पुस्तक ओट्यावर न्यायचं नाही, कृतीच्या पानाचा स्वतःपुरता फोटो काढायचा हे सांगूनही असं होतंच. तेलाच्या डागावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, वर टिपकागद, त्यावर वजन, रात्रभर तसंच. हळदीचा डाग कडक उन्हात तास-दोन तास धरला की फिकट होतो. तेवढंच पान उन्हात धरा, बाकीची झाका, नाहीतर कागद पिवळा पडतो.

ऑगस्ट, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांवर फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबरचे सायीचे पाकातले तुकडे सुंदर होतात आणि परीक्षण मात्र कंटाळवाणं होतं, कारण मधल्या प्रकरणांत पेद्रो नुसता रुसत राहतो. तसं लिहिलं. त्यावर एका वाचकाचा राग अजून गेलेला नाही.

सप्टेंबरचं वेगळं. त्या प्रकरणात चॉकलेट आहे, पाण्यातलं. पाण्यात वडी विरघळवून उकळी आली की उतरवायची, लाकडी मोलिनियोने घुसळायची, परत चढवायची. मोलिनियो म्हणजे हुबेहूब आपली रवी, दोन तळव्यांत फिरवायची. शीर्षकही या चॉकलेटवरूनच उलगडतं. चॉकलेट घालायच्या वेळी पाणी जसं उसळत असतं तसं माणसाचं होणं, रागाने किंवा ओढीने. 'चॉकलेटसाठीच्या पाण्यासारखं' हे भाषांतर मेलेलं वाटत होतं. मग शब्द सापडला, आधण. भाताचं आधण चढवलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागला नाही.

त्याच महिन्यात अशाच जातीची एक नवी कादंबरी परीक्षणासाठी फुकट मिळाली. फुकट प्रत हाही संबंधच धरतात. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विनामूल्य वस्तू आल्या की तसं सांगणं अपेक्षित आहे. 'ही प्रत प्रकाशकाकडून विनामूल्य मिळाली' ही ओळ सगळ्यात वर लिहा, तळाशी नको. त्या पुस्तकाचा चौथा रकाना कोराच राहिला आणि तसं लिहिलं. नंतर प्रती आल्या नाहीत.

डिसेंबरला चिलेस एन नोगादा, म्हणजे अक्रोडाच्या रश्शातल्या भरल्या मिरच्या. २५ पोब्लानो मिरच्या, ८ डाळिंबं, १०० अक्रोड, शिवाय खिमा, बदाम, मनुका, पीच, सफरचंद. हिरवी मिरची, पांढरा रस्सा, लाल दाणे, म्हणजे मेक्सिकोचा झेंडा. पाचवा हिस्सा केला. पोब्लानो मिळत नाही, भावनगरी अरुंद पडते, म्हणून लहान ढोबळी मिरची. आचेवर भाजून, झाकून, साल काढून. खिमा मटणाचा. डाळिंब सोलापूरचं भगवा. अक्रोडाची साल काढली नाही तर रस्सा करडा आणि तुरट होतो. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून टोकदार चिमट्याने सोलावे लागतात. वीस अक्रोडांना एका माणसाला पन्नास मिनिटं लागली. कादंबरीत हे काम कित्येक दिवस आधी, सगळ्यांनी मिळून बसून का करतात ते तेव्हा कळलं. त्या परीक्षणाची सुरुवात अक्रोड सोलण्यापासूनच केली आणि शेवट सांगितला नाही. खर्च ७८० रुपये, बारा पदार्थांतला सगळ्यात जास्त.

फिरती प्रत ९ जानेवारी २०२६ ला नागपूरहून परत आली. पाकीट काट्यावर ठेवलं तर ३०४ ग्रॅम. पाठवणाऱ्याला पुढच्या टप्प्याचा दर पडला होता. आत एप्रिलच्या प्रकरणात खूण म्हणून दोन तमालपत्रं होती आणि मार्चच्या पानावर, आईच्या त्या वाक्याशेजारी, पेन्सिलीने चार वेगवेगळ्या हातांच्या चार रेघा.